महाड-पोलादपूरच्या उघड्या पाण्यात गप्पी मासे नकोत

पावसाळा तोंडावर आला की हिवताप-डेंग्यूच्या बंदोबस्ताची गडबड सुरू होते. धुरळणी होते, घरोघरचे पाणीसाठे तपासले जातात, औषधाचे थेंब टाकले जातात आणि त्याबरोबर गप्पी मासे येतात. बादलीतून आणायचे, विहिरीत, टाकीत, डबक्यात सोडायचे, एक फोटो काढायचा. राज्यभर वर्षानुवर्षं हे चाललेलं आहे आणि करणाऱ्यांच्या हेतूबद्दल कुणाला शंका असायचं कारण नाही. तरीही महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत हे मासे उघड्या पाण्यात सोडणं थांबवावं, असं माझं म्हणणं आहे. त्यासाठीचे मुद्दे असे.

१. आपल्याकडे पावसाळ्यात बंदिस्त पाणी उरतच नाही.

गप्पी सोडताना सांगितलं जातं की हे मासे साठलेल्या पाण्यातच राहतात, नदीत जात नाहीत. दुष्काळी तालुक्यातल्या सिमेंटच्या हौदाबद्दल हे खरं असेल. सावित्री महाबळेश्वरच्या डोंगरातून उतरते, पोलादपूरवरून महाडला येते, गांधारी आणि काळ या नद्या याच परिसरात तिला मिळतात आणि पुढे ती बाणकोटच्या खाडीतून समुद्राला जाते. वरून घाटातला पाऊस आणि खालून भरतीचं पाणी अशा दुहेरी कोंडीत महाड सापडतं. जुलै २००५ ला सापडलं, २२ जुलै २०२१ ला पुन्हा सापडलं. बाजारपेठ पाण्याखाली गेली. त्या दिवशी गटार कुठलं, विहीर कुठली, कुणाच्या अंगणातला हौद कुठला आणि नदी कुठली, हे कुणी सांगावं?

पूर नसला तरी चढणीचे मासे आहेतच. पहिल्या जोराच्या पावसात मासे नदीतून वहाळात, वहाळातून भातखाचरात चढतात, हे इथल्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. मासा ज्या वाटेनं वर चढतो त्याच वाटेनं खालीही उतरतो. त्यामुळे गावच्या डबक्यात सोडलेला मासा म्हणजे दोन पावसांच्या अंतरानं सावित्रीत सोडलेला मासा, असंच धरून चालावं लागतं.

२. गप्पीची एक मादी पुरते.

गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य भागातला आणि त्रिनिदादसारख्या बेटांवरचा. पीटर्स या जर्मन शास्त्रज्ञानं १८५९ मध्ये त्याचं वर्णन केलं; नाव मात्र चिकटलं ते त्रिनिदादहून लंडनच्या संग्रहालयाला नमुने पाठवणाऱ्या गप्पी नावाच्या गृहस्थांचं. हा मासा अंडी घालत नाही. नराच्या पोटाखालच्या पराची नळीसारखी काडी झालेली असते, तिच्यातून तो मादीच्या पोटात बीज सोडतो. अंडी पोटातच फळतात, पोटातच वाढतात आणि साधारण महिन्याभरानं हिंडतीफिरती पिल्लं बाहेर पडतात. एका वेतात वीस, चाळीस, कधी त्याहूनही जास्त. मादीच्या पोटाशी मागच्या बाजूला जो काळसर डाग दिसतो, तो दिवस भरत आले की गडद होत जातो.

नराचं बीज मादी कित्येक महिने पोटात साठवून ठेवू शकते. म्हणजे पुरात शंभर मासे वाहून गेले पाहिजेत असं नाही. नर बरोबर नसताना एकच मादी एखाद्या कोंडीत पोचली, तरी तिथं वसाहत उभी राहू शकते. अंडी घालणाऱ्या माशाला निदान झुडूप-शेवाळ लागतं, अंडी फुटेपर्यंत पाणी शांत राहावं लागतं. गप्पीला यातलं काहीच लागत नाही. घाण पाण्यात तगतो, थोडं खारं पाणी सोसतो. आरोग्य खात्याला तो सोयीचा वाटतो तो याच गुणांमुळे आणि नदीला तो जड जातो तोही याच गुणांमुळे.

३. डासांच्या अळ्या खाणारा मासा इथं आधीपासून आहे.

उन्हाळ्याच्या अखेरीला, वहाळ आटून जिथं डोह उरतो तिथं, किंवा काठावर गवत असलेल्या जुन्या विहिरीत, सकाळच्या उन्हात वाकून बघा. पाण्याच्या अगदी वरच्या थरात, जवळजवळ पृष्ठभागाला पाठ लावून, बोटाएवढा एखादा मासा स्थिर उभा असतो. डोक्यावर मधोमध चकाकणारी पांढुरकी-सोनेरी टिकली. वरून पाहताना आधी ती टिकलीच दिसते, मासा नंतर. पाठ सपाट, तोंड वरच्या दिशेला वळलेलं, पाठीवरचा पर पार मागे शेपटीजवळ. अंगावर हिरव्या-सोनेरी ठिपक्यांच्या ओळी, मादीच्या अंगावर उभे काळे पट्टे ठळक. पाण्यावर किडा पडला की एक झटका आणि किडा गायब.

शास्त्रात याला अप्लोचायलस लिनिएटस म्हणतात. माशांच्या पुस्तकांत मराठी नाव ‘पिकू’ असं छापलेलं आढळतं. वाढून तो दहा सेंटीमीटरपर्यंत जातो. १८४६ मध्ये व्हॅलेन्सिएन या फ्रेंच शास्त्रज्ञानं त्याचं पहिलं वर्णन केलं ते मुंबईहून गेलेल्या नमुन्यांवरून. म्हणजे जगाला हा मासा कोकणच्या दारातून माहीत झाला आणि आपण मात्र त्याला न विचारता त्रिनिदादचा पाहुणा घरात घेतला.

पिकूची मादी एकदम ढीगभर अंडी टाकत नाही. रोज थोडी थोडी घालते आणि प्रत्येक अंड्याला बारीक चिकट तंतू असतात, त्यांनी ते पाणवनस्पतीला किंवा पाण्यात लोंबणाऱ्या मुळांना अडकून राहतं. पिल्लू फुटायला दोनेक आठवडे लागतात. तेवढ्या काळात तिथं गप्पींची झुंड पोचली, तर अंड्यांचं आणि नुकत्या फुटलेल्या पिल्लांचं काय होणार हे वेगळं सांगायला नको. शिवाय आपणच ‘स्वच्छता मोहिमे’त विहिरीच्या कडेचं सगळं हिरवं खरवडून काढतो, तेव्हा पिकूच्या अंड्यांची जागाही कचऱ्याच्या ढिगात जाते.

४. सगळे ‘बारीक मासे’ एक नव्हेत.

पिकू आणि गप्पी दोघेही सायप्रिनोडोंटिफॉर्मिस या एकाच गणातले, पण शाखा फार पूर्वी फुटलेल्या. एका शाखेत पिकूसारखे अंडी घालणारे मासे येतात, ज्यांना मत्स्यालयवाले ‘किलीफिश’ म्हणतात. त्यांचे आफ्रिकेतले काही भाऊबंद तर पावसाळी डबक्यात काही महिन्यांचं आयुष्य काढतात, डबकं आटलं की मरतात आणि त्यांची अंडी वाळलेल्या चिखलात पुढच्या पावसाची वाट बघतात. पिकूचे सगळ्यात जवळचे नातेवाईक मात्र मादागास्कर आणि सेशेल्सला आहेत. भारत त्या जमिनींना जोडलेला होता त्या काळाकडे हे नातं बोट दाखवतं, असं बरेच अभ्यासक मानतात. दुसऱ्या शाखेतल्या पोइसिलिडी कुळात पिल्लं घालणारे गप्पी, गँबुशिया, मोली, प्लॅटी, स्वोर्डटेल. या कुळातला एकही मासा भारताचा मूळ रहिवासी नाही.

इथं एका मराठी संशोधकाचं काम सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९४० मध्ये चं. वि. कुलकर्णी यांनी तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या खाडीच्या मचूळ पाण्यातून एक इवलासा, जवळजवळ पारदर्शक मासा जगापुढे आणला. त्याला नाव दिलं होराइक्थिस सेटनाई. त्यात मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा आणि मत्स्यखात्याचे डॉ. सेटना या दोघांचा मान राखला. या माशाच्या नराला गप्पीसारखीच, किंबहुना त्याहून गुंतागुंतीची काडी असते. तिनं तो बीजाची काटेरी कुपी मादीच्या अंगाला टोचून चिकटवतो. मादीच्या पोटाखालचा उजवा पर नसतोच. एवढं सगळं पाहिल्यावर कुणीही म्हणेल, हा पिल्लं घालणारा. पण मादी अंडी घालते, फक्त ती आधीच फळलेली असतात. पुढे १९८१ मध्ये रोझेन आणि पॅरेंटी यांनी या माशाच्या सगळ्या गोतावळ्यालाच किलीफिशच्या गणातून काढून आपल्या ओळखीच्या टोळ माशाच्या गणात नेऊन बसवलं. आता त्याचं नाव ओरिझियास सेटनाई.

बाजारात ‘बारीक मासे’ म्हणून वाट्यानं विकताना हा फरक कळला नाही तरी बिघडत नाही. पण ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत ‘डास खाणारे मासे सोडले’ एवढंच लिहिलं जातं, तेव्हा कुठला मासा हे कुणालाच माहीत नसतं.

५. गँबुशिया तर नकोच नको.

गप्पीसारखाच डासांसाठी सोडला जाणारा हा मासा १९२८ मध्ये इटलीहून भारतात आणला गेला. जगातल्या सगळ्यात उपद्रवी शंभर परक्या जीवांच्या आययूसीएनच्या यादीत त्याचं नाव आहे. दुसऱ्या माशांची पिल्लं आणि बेडकांचे डिंभ तो खातो, मोठ्यांचे पर कुरतडतो. यावर आणखी शब्द खर्चण्यात अर्थ नाही.

६. डेंग्यूचा डास माशाच्या आवाक्यात नसतो.

एडिस डास अंडी घालतो ते टायरमध्ये, पिंपात, फ्रिजमागच्या ट्रेमध्ये, कुंडीखालच्या ताटलीत, परसातल्या करवंटीत. यांपैकी पिंप सोडलं तर मासा ठेवणार कुठे? आठवड्यातून एक दिवस भांडी पालथी करून कोरडा दिवस पाळणं, हा यावरचा उपाय. तो कंटाळवाणा आहे आणि त्याचा फोटो चांगला येत नाही, एवढाच त्याचा दोष.

हिवतापाचंही तेच. डासअळ्या खाणाऱ्या माशांवरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यात, २०१३ मध्ये आणि २०१७ च्या सुधारित आवृत्तीतही, माशांमुळे माणसांमधला हिवताप कमी झाला असं दाखवणारा एकही विश्वासार्ह अभ्यास हाती लागला नाही. काही पाणवठ्यांत अळ्या कमी झाल्या, इतपतच. मासे कुचकामी आहेत असा याचा अर्थ नव्हे. पण नदीला कायमचा धोका पत्करावा एवढा भक्कम पुरावा समोर नाही.

पिण्याच्या विहिरीची गोष्ट आणखी वेगळी. तिथं टीसीएल पावडर टाकायलाच हवी आणि क्लोरीन माशांना मानवत नाही. एका हातानं पावडर आणि दुसऱ्या हातानं मासे, हा खटाटोप कशाला? तिथं विहिरीवर बारीक जाळी बसवावी.

७. ‘मग पिकू कुठून आणायचे?’

हा आक्षेप रास्त आहे. गप्पीची पैदास प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हौदात होते, पिकूची कुणी करत नाही. पिकू उड्या मारतो, स्वतःपेक्षा लहान मासे गट्ट करतो, गटारात टिकत नाही. म्हणून उद्यापासून पिकू वाटा, असं मी म्हणत नाही. एका खोऱ्यातले मासे दुसऱ्या खोऱ्यात नेऊन टाकणं हाही वेडेपणाच. मागणी साधी आहे: जिथं पिकू आहे तिथं त्याला राहू द्या, वर गप्पी ओतू नका. बांधकामावरचा हौद, वापरात नसलेली पण वाहून न जाणारी सिमेंटची टाकी, तीही पूररेषेच्या वर असेल तर, तिथं गप्पी ठेवायला माझी हरकत नाही. आरोग्यसेवकांच्या हातातलं साधन काढून घ्यायचं नाही, त्याची जागा ठरवायची आहे.

८. कायदा आणि परंपरा दोन्ही हाताशी आहेत.

२००२ च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती हवी आणि लोक जैवविविधता नोंदवही हवी. बऱ्याच ठिकाणी समिती कागदावर असते, नोंदवही कपाटात. पण राबवली तर काय होतं ते आंबोलीनं दाखवलं: हिरण्यकेशीच्या देवळाजवळच्या पाण्यात सापडलेल्या एका लहानशा माशासाठी २०२१ मध्ये ती जागा जैविक वारसा स्थळ जाहीर झाली. गप्पी आणि गँबुशिया यांचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापुढेही गेलेला आहे. जानेवारी २०२५ मध्ये लवादानं केंद्राकडे उत्तर मागितलं.

आणि आपल्याच महाड तालुक्यात, काळ नदीवर, वाळण कोंडीत देवीचे म्हणून महसीर मासे राखले जातात. तिथं कुणी गळ टाकत नाही. मोठ्या माशाला जी राखण मिळाली, तिचा थोडा वाटा बोटभर माशालाही मिळावा. महाड शहरात तर पाण्याबद्दलचा कुठलाही निर्णय चार माणसांत, उघडपणे व्हायला हवा. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याच्या सत्याग्रहात जे घडलं त्यानंतर सार्वजनिक पाणी हा इथं बंद खोलीतला विषय राहिलेला नाही.

९. करायचं काय?

नगरपरिषद, नगरपंचायत आणि ग्रामपंचायतींनी आजवर गप्पी कुठे सोडले त्याची यादी लावावी. नदी, वहाळ, तळं, भातखाचर आणि पुराचं पाणी पोचणाऱ्या विहिरी यांत नवे मासे सोडू नयेत. महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांनी मे महिन्यात डोह आणि विहिरी पाहून कुठे टिकलीवाला मासा आहे आणि कुठे गप्पी पोचलाय, हे लोक जैवविविधता नोंदवहीत चढवावं. घरातला काचेचा टँक आवरताना मोली-गप्पी गांधारीत सोडू नयेत, दुकानदाराला परत द्यावेत.

यासाठी वेगळा निधी लागत नाही, ग्रामसभेचा ठराव लागतो. १ मेच्या ग्रामसभेत विषय यावा म्हणून एप्रिलमध्येच ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे अर्ज द्या. पुढची ग्रामसभा १५ ऑगस्टला असते, आणि महाडचे दोन्ही मोठे पूर जुलैमध्ये आले होते.