अक्षरांचे पाय

दुकानांच्या पाट्या मराठीत असाव्यात व त्यांवरील देवनागरी अक्षरे इतर लिपीतील अक्षरांहून लहान असू नयेत, असा दंडक महाराष्ट्राच्या कायद्यात २०२२ साली घालण्यात आला. २०२३ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयानेही व्यापाऱ्यांस त्याच्या पालनासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. ही गोष्ट इष्टच झाली. परंतु कायदा अक्षराची उंची मोजतो, वळण मोजीत नाही. आमच्या वाशीमच्या बाजारपेठेतून एक फेरी मारावी, म्हणजे कित्येक फलकांवर मराठी अक्षरे इंग्रजी बूट घालून उभी असलेली दिसतात.

हे बूट म्हणजे इंग्रजीत ज्यास ‘स्लॅब सेरिफ’ म्हणतात ते. रोमन अक्षरांच्या टोकांस बसविलेल्या जाड, चौकोनी पट्ट्या. लंडनच्या व्हिन्सेंट फिगिन्स याने १८१७ च्या सुमारास असा टाइप विक्रीस काढला, कारण भिंतीवरील जाहिरातींस दुरून हाक मारणारे अक्षर हवे होते. १८४५ साली रॉबर्ट बेस्ली याच्या फौंड्रीतून ‘क्लॅरेंडन’ निघाला, तो मजकुरातील एखादा शब्द ठळक करण्यासाठी. टाइपरायटरवर प्रत्येक अक्षरास सारखीच जागा मिळते. तेव्हा अरुंद ‘आय’ला रुंद पट्ट्या लावून ती जागा भरण्यात आली. तेथे प्रत्येक वेळी गरजेतून रूप निघाले. आमचा विरोध त्या टाइपास नाही. गरज न पाहता रूप उचलणाऱ्यांस आहे.

रोमन अक्षर जमिनीवर उभे राहते, म्हणून त्यास पाय शोभतात. देवनागरी अक्षर शिरोरेषेस टांगलेले असते, आणि त्याच्या दंडाखालची जागा मोकळी नसून उकार, ऋकार व रकार यांच्या वहिवाटीची असते. ‘प’च्या दंडास तळाशी डावीकडे पट्टी जोडा, की तो ‘प्र’ भासू लागतो, आणि ‘पतसंस्था’ दुरून ‘प्रतसंस्था’ वाचली जाते! उजवीकडे जोडा, की हलन्ताचा संशय येतो. आमच्या लिपीत अक्षराचा पाय मोडण्याची सोय आहे. त्यास नवा पाय लावण्याची नाही.

यावर कोणी म्हणेल, की मग मराठीने जाड, चौकोनी अक्षराची हौस धरूच नये काय? अवश्य धरावी! किंबहुना ती हौस या भूमीस नवीन नाही. १९३९ साली येथे वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट उजेडात आला व वाशीम हेच प्राचीन वत्सगुल्म ही गोष्ट दृढ झाली. त्याच वाकाटक घराण्यातील दुसऱ्या प्रवरसेनाचा ताम्रपट अचलपुरानजीक चम्मक येथे सापडला. त्याची लिपी पेटिकाशीर्षक आहे. म्हणजे प्रत्येक अक्षराच्या माथ्यावर एक लहान चौकोनी पेटी आहे. सलग शिरोरेषा तेव्हा रूढ व्हावयाची होती. तरीही दीड हजार वर्षांपूर्वीच्या कोरक्याने जाडी घातली ती माथ्यावर. संगणकावर हजार वळणे हाताशी असणाऱ्या आमच्या फ्लेक्सवाल्यांस एवढेही उमगू नये, याचे नवल वाटते.

आजही मार्ग तोच आहे. शिरोरेषा व दंड जवळजवळ सारख्या जाडीचे करावेत, टोके सपाट कापावीत, आणि गाठी व पोकळ्यांमधील पांढरी जागा राखण्यासाठी तेथे रेषा बारीक करावी. अहमदाबादच्या इंडियन टाइप फौंड्रीचा ‘कर्मा’ हा टाइप पाहावा. त्यातील रोमन अक्षरांस जाड पट्ट्या आहेत. देवनागरीस त्या चिकटविलेल्या नाहीत, आणि तरीही दोन्ही शेजारी नांदतात. शिवाय तो फुकट मिळतो, तेव्हा खर्चाची सबबही उरत नाही.

जाड अक्षराचे स्थानही ठरलेले असावे. मथळा, फलक, पाकिटावरील नाव येथे ते शोभते. सबंध परिच्छेद त्यात छापला, की जाड शिरोरेषांचे काळे पट्टे ओळीओळींवर पसरतात आणि ‘घ’ व ‘ध’ यांतला भेद बुजून जातो. लग्नपत्रिकेत हे झाले तर फार तर पाहुण्याचे नाव चुकेल. परंतु आमचा जिल्हा सोयाबीनचा आहे; येथील शेतकऱ्यास औषधाच्या डब्यावरील प्रमाण व सावधगिरीच्या सूचना वाचावयाच्या असतात. तेथे बुजलेल्या अक्षराची किंमत त्याच्या पिकाने, क्वचित् देहानेही, द्यावी लागेल.

अक्षराची उंची सरकारने मिळवून दिली. वळण मात्र गिऱ्हाइकानेच मागून घ्यावयाचे आहे. पाटी वा पत्रिका करावयास देताना रंग व दर यांची घासाघीस आपण करतोच. तेथेच नमुना मागावा, दहा पावलांवरून वाचून पाहावा, आणि अक्षरांस पाय फुटलेले दिसल्यास तो परत करावा.