गांव वसविण्याचा खेळ

सुशिक्षित कुटुंबांतून अलीकडे एक नवें समर्थन वारंवार ऐकूं येतें. मुलगा तासन्‌तास मोबाइलच्या पडद्याकडे पाहत बसतो, अशी कोणीं तक्रार केली कीं आईबाप सांगतात, "अहो, तो मारामारीचा खेळ खेळत नाहीं; तो गांव वसवितो." ह्या उत्तरांत एक प्रकारचें समाधान असतें. बंदुका आणि पैज ह्यांच्या मानानें गांव वसविणें केव्हांही सात्त्विकच. त्यांतून २०२५ सालीं संसदेनें पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. तेव्हां ज्या खेळांना त्या कायद्याचा हात लागला नाहीं ते सारे निर्दोष, अशीही समजूत पसरली आहे. एवढ्यावर भागतें तर आम्हीं लेखणी उचलली नसती. परंतु आतां ह्या खेळांस शिक्षणाचा दर्जा देण्यांत येत आहे. त्यांच्यामुळें नियोजन शिकतां येतें, काटकसर अंगीं बाणते, शहरांत वाढलेल्या मुलास खेड्याविषयीं आपुलकी वाटूं लागते, असें प्रतिपादन केलें जातें. हें प्रतिपादन आम्हांस साफ खोटें वाटतें. आणि तें पारखण्यासाठीं आम्ही बालाघाटावरील घाटनांदूरच्या परिसराचें उदाहरण घेणार आहों.

प्रथम खेळाचें स्वरूप पाहूं. १९८९ सालीं ह्या जातीचे दोन खेळ निघाले. विल राइट ह्या अमेरिकन गृहस्थानें केलेल्या 'सिमसिटी'त खेळणारा नगराध्यक्ष असे. 'पॉप्युलस'मध्यें तर तो साक्षात् देवच. नगराध्यक्ष आणि देव ह्यांच्या अधिकारांत फारसें अंतर नव्हतें, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. पुढें २००९ मध्यें 'फार्मव्हिल' शेतीवर आला, आणि २०१२ मध्यें फिनलंडच्या 'सुपरसेल' कंपनीनें 'क्लॅश ऑफ क्लॅन्स' काढला, ज्याची आमच्या घरांघरांतून आज चलती आहे. त्यांत खेड्याची कल्पना अशी: मोकळी हिरवी जागा, तींत सोन्याची खाण, संजीवनीसारखा जांभळा रस उपसणारें यंत्र, भोंवतीं भिंत, आणि पदरीं राक्षस व जादूगार. आरंभीं दोन गवंडी मिळतात. तिसरा हवा असेल तर हिऱ्यांच्या मोलानें घ्यावा लागतो. घर बांधावयास तास लागतात, पुढें दिवस लागतात. वाट पाहवत नसेल तर हिरे टाकावे कीं घर तत्काल उभें! आणि हिरे संपले तर बापाच्या खिशांतल्या खऱ्या रुपयांनीं ते विकत मिळतात. काटकसर अंगीं बाणते ती ही.

आतां घाटनांदूर. बीड जिल्ह्याच्या अंबाजोगाई तालुक्यांतलें हें मोठें गांव. परळी-विकाराबाद लोहमार्ग येथून जातो. तालुक्याचें ठिकाण जें अंबाजोगाई, त्यास रेल्वे नाहीं, ती घाटनांदूरास आहे. साहित्याच्या अभ्यासकांस अंबाजोगाई मुकुंदराजाची आणि दासोपंताची म्हणून ठाऊक असते. तेथील गृहिणीस ती टँकरांची म्हणूनही ठाऊक आहे. मराठवाड्याचा हा भाग पर्जन्यछायेंतला. पोटांत काळा कातळ, त्यामुळें पडेल तो पाऊस अडविला नाहीं तर ओढ्यानाल्यांनीं निघून जातो. २०१६ च्या उन्हाळ्यांत मांजरा धरण कोरडें पडलें, आणि शेजारच्या लातूर शहरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. एप्रिलांत आलेल्या पहिल्या गाडीनें सुमारें पांच लाख लिटर पाणी आणलें. त्याच महिन्यांत अंबाजोगाई तालुक्यांत गांव वसविण्याचा एक खराखुरा खेळ सुरू झाला, आणि त्याचीच आम्हांस येथें आठवण द्यावयाची आहे.

पानी फाउंडेशननें त्या वर्षीं 'सत्यमेव जयते वॉटर कप' नांवाची स्पर्धा मांडली. पहिल्या वर्षीं तीनच तालुके घेतले होते: अमरावतीकडील वरुड, साताऱ्याकडील कोरेगांव, आणि बीडमधील अंबाजोगाई. मुदत पंचेचाळीस दिवसांची. कामास गुण होते, तपासणारे परीक्षक होते, पहिलें बक्षीस पन्नास लाख रुपयांचें होतें. तें त्या वर्षीं कोरेगांव तालुक्यांतील वेळू गांवानें मिळविलें. खेळास लागणारीं सारीं अंगें त्यांत होतीं, हें आमच्या विरोधकांनींही मान्य करावें. साधनें मात्र साधीं. तीन काठ्यांची ए अक्षराच्या आकाराची चौकट, मधोमध दोरीस लोंबणारा दगड; ती चौकट उतारावर फिरवीत समपातळीची रेघ आंखावयाची आणि त्या रेघेवर चर खणावयाचा. कुदळ, फावडें, घमेलें, आणि उन्हाच्या आधींची पहाट.

परंतु खणणें हें त्यांतलें सोपें काम होय. अवघड काम त्याच्या आधींचें. माथ्यावर अडविलेलें पाणी मुरतें, आणि तें खालीं कोणाच्या विहिरीस लागेल हें कातळाच्या भेगा ठरवितात, सातबारा ठरवीत नाहीं. म्हणजे ज्याच्या जमिनींत चर जावयाचा त्याचें रान फुकट जातें आणि पाणी बहुधा दुसऱ्याचेंच वाढतें. तो दुसरा कदाचित् त्याचा भाऊबंद असतो, ज्याच्याशीं त्याचा बांधावरून दावा चालू आहे. किंवा गेल्या निवडणुकींत समोरच्या पॅनेलांत उभा राहिलेला असतो. अशा माणसाच्या ओसरीवर जाऊन बसणें, त्याच्या आजोबांपासूनच्या तक्रारी ऐकून घेणें, उठतांना "बघूं" एवढाच शब्द पदरीं घेऊन येणें आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हा जाणें, हें गांव वसविणें होय. मोबाइलवरच्या खेड्यांत ओसरीच नाहीं. बोट दाबलें कीं गवंडी धांवत सुटतो. तो आज आजारी आहे, त्याची मजुरी थकली आहे, किंवा त्यास हें काम पटत नाहीं, असें कधींच होत नाहीं. आम्हांस त्या खेळांतल्या जादूगारांचें कांहींच वाटत नाहीं. राक्षस आणि जादूगार आमच्या आजीच्या गोष्टींतूनही होते. अद्भुत वाटतात ते ते मुके, आज्ञाधारक गांवकरी.

'क्लॅश ऑफ क्लॅन्स'मध्यें गांवाच्या जागेंत अधूनमधून झाडें व झुडपें उगवतात. तीं अडथळा म्हणून गणलीं आहेत. तोडून टाकलीं कीं कधीं कधीं हिरे मिळतात. अहिल्यानगर (पूर्वीचें अहमदनगर) जिल्ह्यांतील हिवरेबाजारची गोष्ट महाराष्ट्रास नवी नाहीं. १९८९ नंतर पोपटराव पवार ह्यांच्या सरपंचकीच्या काळांत त्या गांवानें कुऱ्हाडबंदी केली, चराई बंद केली, शेतीसाठीं विंधनविहिरी घेणें बंद केलें. ऊंसासारखें तहानलेलें पीक घ्यावयाचें नाहीं असें ठरविलें, आणि दरवर्षीं पडलेला पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडण्याची चाल पाडली. ह्या साऱ्या निर्णयांचें व्याकरण नकारार्थी आहे, हें वाचकांच्या लक्षांत आलें असेल. गांव सांवरलें तें पुष्कळ अंशीं कांहीं न करण्याच्या करारावर. ज्या खेळांत प्रत्येक बटण 'वाढवा' असें सांगतें, आणि 'आपण सर्वांनीं हें सोडूं' असें म्हणणारें बटणच नाहीं, तो खेळ नियोजन कसें शिकविणार? तो हांव शिकवितो, आणि तीही वेळापत्रकानें.

ह्यावर एक उत्तर ठरलेलें असतें. खेळ तो खेळ. बुद्धिबळांतल्या हत्तीस चारा काय घालतां, असें कोणी विचारीत नाहीं. अगदीं बरोबर. पण बुद्धिबळानें हत्ती पाळतां येतात असेंही कोणी सांगत नाहीं! हा दावा ज्यांनीं आपण होऊन केला त्यांनींच तो सिद्ध करावयास हवा. मूल मौजेसाठीं खेळतें, इतकेंच म्हणाल तर आमची तक्रार मिटली. भातुकलींत खोटा भात शिजतो, पोळ्यास मातीचे बैल होतात; त्या खेळांस आम्हीं कधीं हिशेब विचारला नाहीं. तरीही एक भेद राहतोच. मातीचा बैल मुलाचा असतो. 'फार्मव्हिल'चीं शेतें ३१ डिसेंबर २०२० रोजीं कंपनीनें खेळ बंद केला त्या दिवशीं नाहींशीं झालीं. अकरा वर्षें ज्यांनीं तीं राखलीं त्यांचें नांव त्या सातबाऱ्यावर नव्हतेंच.

आम्ही जुन्या गांवगाड्याचे गोडवे गातों आहों, असा संशय कोणी घेऊं नये. त्रिंबक नारायण आत्रे ह्यांचा 'गांव-गाडा' १९१५ सालीं निघाला. काळी-पांढरी, वतनें, बलुतीं, हक्क आणि त्यांवरून होणारीं भांडणें ह्यांचा त्यांत जो तपशील आहे तो वाचून कोणासही गांवाची भुरळ पडूं नये. ४ नोव्हेंबर १९४८ रोजीं डॉ. आंबेडकरांनीं घटना समितींत खेड्याच्या गौरवावर जो कठोर प्रहार केला, त्याचेंही आम्हांस विस्मरण नाहीं. म्हणूनच तर पडद्यावरचें तें गांव खटकतें. त्यांत भिंत आहे. ती दगडाची होते, सोन्याची होते, मुलें तिच्यावर महिनेच्या महिने घालवितात. आपल्या भाषेंत गांवाच्या भिंतीस गांवकूस म्हणतात, आणि गांवकुसाबाहेर ह्या शब्दाचा अर्थ मराठी माणसास समजावून सांगावा लागत नाहीं. ज्या भिंतीबाहेर कोणीच राहत नाहीं, अशी भिंत बांधावयास शिकलेल्या मुलास आपल्या गांवाचा इतिहास उद्यां कसा कळावा? महाडच्या चवदार तळ्याचा १९२७ चा सत्याग्रह त्यास पाण्याची टंचाई वाटेल.

आणि तें गांव कधीं रितें होत नाहीं. बीड जिल्ह्यांत दसरा झाला कीं ऊंसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फेडण्यासाठीं नवराबायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो, आणि बिऱ्हाड साखर कारखान्याच्या थळांत जाऊन पडतें. मागें म्हातारीं माणसें आणि कुलुपें राहतात. जीं मुलें बरोबर जातात त्यांची शाळा बुडते. वॉटर कपच्या चरांनीं हें थांबलें, असें म्हणण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं. ती स्पर्धा २०१९ पर्यंत चार वर्षें चालली. अशा मोहिमांतल्या कामांच्या शास्त्रशुद्धतेविषयीं जाणकारांनीं आक्षेप घेतले. आणि अडविलेल्या पाण्यावर पुन्हा ऊंसच लावण्याचा मोह कांहीं सुटलेला नाहीं. पण त्या पंचेचाळीस दिवसांत ह्या तालुक्यांतल्या गांवांनीं जो खेळ खेळला, त्यांत हरतां येत होतें, हें महत्त्वाचें. बक्षीस न मिळालेल्या गांवाच्या शिवारांतही चर राहिले, आणि भांडणेंही राहिलीं.

कोणी विचारील कीं मग तुम्हांस हवें तरी काय? खेळ बंद करा, असें आमचें म्हणणें नाहीं. पुण्यांत संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणारे हजारों मराठी तरुण आहेत. त्यांतल्या कोणीं बालाघाटावरचा खेळ करून दाखवावा. त्यांत पाऊस जून ते सप्टेंबर, आणि तोही खेळणाऱ्याच्या हातीं नसावा. शेजाऱ्यानें विंधनविहीर घेतली कीं आपल्या आडाचें पाणी उतरावें. झाड तोडलें तर त्याची किंमत पांच वर्षांनीं कळावी. चर खणण्यापूर्वीं वरच्या शेतकऱ्याची संमति लागावी, आणि ती हिऱ्यांनीं विकत मिळूं नये. दसऱ्यानंतर अर्ध्या घरांस कुलुपें लागावीं. असा खेळ खपेल कीं नाहीं, हा व्यापाऱ्यांचा प्रश्न आहे. तो निघेपर्यंत पालकांनीं आपला मुलगा मोबाइलवर खेळत बसतो, एवढेंच सांगावें. गांव वसवितो, असें सांगूं नये.