हॉटेलच्या बिलातला एक रुपया आणि शाळेतलं अंडं : देणगी कुठे पुरते, कुठे कमी पडते?

मोबाइलवरून जेवण मागवलं की पैसे भरताना खाली एक बारीक ओळ दिसते – भुकेल्या मुलांसाठी दोन-तीन रुपये द्यायचे का? पुण्या-मुंबईत कामाला असलेल्या आपल्या पोरांना हे आता सवयीचं झालंय. झोमॅटोची ‘फीडिंग इंडिया’ ही संस्था अशाच पैशांतून मुलांना जेवण देते. हॉटेलनं किंवा कंपनीनं गिऱ्हाइकाकडून थोडे थोडे पैसे जमवायचे, सेवाभावी संस्थेला द्यायचे आणि संस्थेनं मुलांच्या ताटात अन्न पोचवायचं, अशी ही पद्धत.

वाचताना हा विषय शहराचा वाटतो. पण जानेवारी २०२५ पासून तो आपल्या जिल्हा परिषद शाळेच्या दारात आलाय. कसा, ते पाहू.

नेमकं झालं काय?

नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारनं शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरवलं. अंडं न खाणाऱ्या मुलांना केळी किंवा दुसरं फळ. त्याचा वेगळा खर्च राज्य सरकार देणार होतं. जानेवारी २०२५ मध्ये शासन निर्णय बदलला. अंडा पुलाव आणि गोड पदार्थ ऐच्छिक झाले. अंड्यासाठी आणि साखरेसाठी वेगळा निधी मिळणार नाही. शाळा व्यवस्थापन समितीनं तो लोकसहभागातून उभा करावा, असं सांगण्यात आलं.

लोकसहभाग म्हणजे कोण? गावातले दुकानदार, नोकरदार, बागायतदार आणि तालुक्याच्या रस्त्यावरची हॉटेलं, ढाबे, खानावळी. म्हणजे शहरात जे मोबाइलवर चाललंय, तेच आता मुख्याध्यापकांनी आणि समितीनं दारोदार फिरून करायचं आहे.

६ रुपये ७८ पैशांत काय येतं?

आधी सरकारी पैशाचा हिशेब समजून घ्या. तांदूळ केंद्राकडून येतो. त्याशिवाय डाळ, भाजी, तेल, मसाला आणि इंधन यांसाठी १ मे २०२५ पासूनचा दर आहे पहिली ते पाचवीच्या मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे आणि सहावी ते आठवीसाठी १० रुपये १७ पैसे. यात केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के. एवढ्यात लहान मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, तर मोठ्या मुलाला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं मिळाली पाहिजेत, असा नियम आहे.

एक अंडं बाजारात साधारण सहा-सात रुपयांना पडतं. म्हणजे लहान मुलाच्या अख्ख्या दिवसाच्या डाळ-भाजी-तेलाला जेवढे पैसे, तेवढ्यात एक अंडं. त्यामुळे मिळणाऱ्या पैशांतूनच अंडं बसवा म्हटलं तर ते बसत नाही. पण त्या एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, म्हणजे लहान मुलाच्या दिवसाच्या निकषाच्या निम्मी.

आणि गरज आहेच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३६.१ टक्के मुलं कमी वजनाची आढळली होती. ती पिढी आता शाळेच्या बाकावर बसलीय.

एका ढाब्याचा रुपया किती पुरतो?

कच्चा हिशेब करू. शाळेत ६० मुलं आहेत असं धरा. आठवड्याला एक अंडं किंवा केळी, सात रुपयांप्रमाणे ४२० रुपये. चार आठवड्यांचे १,६८० रुपये. आता हायवेवरच्या एका ढाब्यावर दिवसाला १०० बिलं होतात असं धरा. प्रत्येक बिलामागे एक रुपया बाजूला काढला तर महिन्याला ३,००० रुपये जमतात. एका शाळेचं भागून पुढच्या वाडीच्या शाळेलाही हातभार लागतो.

आता दुसरा हिशेब. त्याच ६० मुलांच्या रोजच्या जेवणाचा ६ रुपये ७८ पैशांचा खर्च ढाब्यानं उचलायचा म्हटलं, तर शाळेच्या २४ दिवसांचे पावणेदहा हजारांच्या आसपास होतात. त्यात तांदूळ नाही, स्वयंपाक करणाऱ्या ताईंचं मानधन नाही. एका शाळेला तीन-चार ढाबे लागतील, आणि त्यातला एक बंद पडला की मुलं उपाशी.

हॉटेलच्या देणगीचा जोर कुठवर चालतो, ते या दोन हिशेबांत दिसतं. वरचं अंडं, फळ, दूध तिला झेपतं. रोजचा वरण-भात झेपत नाही.

बाहेरच्या देशांत काय अनुभव आला?

जपानमध्ये २००७ साली ‘टेबल फॉर टू’ नावाची संस्था सुरू झाली. कंपन्यांच्या कँटीनमध्ये आणि हॉटेलांत ठरावीक जेवण घेतलं की २० येन, म्हणजे आपले दहा-बारा रुपये, बाजूला काढले जातात आणि त्यातून आफ्रिका-आशियातल्या गरीब मुलांना शाळेत जेवण मिळतं. रक्कम छोटी आणि ठरलेली. कुणाच्या लहरीवर काही नाही.

इंग्लंडचा अनुभव आपल्या जास्त जवळचा आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये, कोरोनाच्या काळात, गरीब मुलांना सुट्टीतही मोफत जेवण मिळावं असा प्रस्ताव तिथल्या संसदेत फेटाळला गेला. फुटबॉलपटू मार्कस रॅशफोर्ड, जो स्वतः लहानपणी शाळेच्या मोफत जेवणावर वाढला, त्यानं आवाज उठवला. गावोगावच्या हॉटेलांनी, कॅफेंनी ‘आम्ही देतो जेवण’ असं जाहीर केलं. तो त्यांची नावं मोबाइलवरून सगळ्या देशाला कळवत राहिला. लॉकडाऊननं त्यांचाच धंदा बसला होता, तरी त्यांनी दिलं. शेवटी नोव्हेंबरमध्ये सरकारला सुमारे १७ कोटी पौंडांची मदत जाहीर करावी लागली. हॉटेलवाल्यांनी आठवडा तारून नेला. पुढची जबाबदारी सरकारवरच आली.

आपल्याकडे अडचण कुठे?

पहिली अडचण, पैसा असतो तिथेच लोकसहभाग होतो. हायवेलगतच्या, बाजारपेठेच्या गावात चार हॉटेलं आहेत, दोन पतसंस्था आहेत. तिथल्या शाळेत अंडं येईल. डोंगरातल्या पाड्यावर, तांड्यावर, ऊसतोड कामगारांची मुलं शिकतात त्या वस्तीवर कोण देणगी देणार? म्हणजे ज्याला अंड्याची गरज जास्त, त्याच्याच ताटात ते येणार नाही. निधी थांबवण्याच्या निर्णयाचा खरा फटका हा आहे.

दुसरी, मोठ्या संस्थांची स्वयंपाकघरं बहुतेक शहरात किंवा शहराजवळ असतात. खेड्यात जेवण शाळेतच, गावातल्या बायका शिजवतात. त्यामुळे शहरातल्या बिलातला रुपया आपल्यापर्यंत सहजी येत नाही.

तिसरी, एका दिवसाचा सोहळा. वाढदिवसाला, पुण्यतिथीला मुलांना गोडधोड द्यायची सोय पोषण आहार योजनेतच आहे. देशभर तिला ‘तिथी भोजन’ म्हणतात, आपल्याकडे ‘स्नेहभोजन’. चांगली गोष्ट आहे. पण नियमाप्रमाणे ते रोजच्या आहाराला पूरक आहे, बदली नाही. वर्षातून एकदा जिलेबी आणि बॅनरवर फोटो, यानं मुलाचं वजन वाढत नाही. हातात ताट धरून देणगीदारासोबत उभं राहायला लावलं की मुलालाही ते खुपतं.

हक्क आणि देणगी, दोन्ही वेगळं

शाळेतलं जेवण हा उपकार नाही. सर्वोच्च न्यायालयानं २००१ मध्ये शिजवलेलं जेवण द्यायचा आदेश दिला. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं आठवीपर्यंतच्या मुलांचा तो हक्क झाला. हॉटेलवाला यंदा देईल, पुढच्या वर्षी नाही देणार. त्याला कुणी जाब विचारू शकत नाही. सरकारला विचारता येतो. म्हणून हॉटेलची मदत घ्यावी, पण ती मिळतेय म्हणून निधीची मागणी सोडू नये.

गावानं करायचं काय?

शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक असतात, निम्म्या महिला असतात. म्हणजे हे काम तुमच्याच हातात आहे.

१. हॉटेलवाल्याकडे एकदाची मोठी रक्कम मागण्यापेक्षा महिन्याची छोटी आणि ठरलेली रक्कम मागा. अंडी किंवा केळी थेट दिली तरी चालेल.

२. गिऱ्हाइकाला विचारूनच रुपया घ्यायला सांगा. न विचारता बिलात जोडलेला रुपया देणगी होत नाही.

३. किती आले, किती अंडी घेतली, किती मुलांनी खाल्ली, हे दर महिन्याला शाळेच्या फळ्यावर लिहा आणि गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाका.

४. बाहेरून शिजवून आणलेलं अन्न शिक्षकांनी आणि मोठ्या माणसांनी आधी चाखल्याशिवाय मुलांना देऊ नका. २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेच्या जेवणात कीटकनाशक गेल्यानं २३ मुलं दगावली होती. हॉटेलातलं रात्रीचं उरलेलं तर नकोच.

५. केंद्राच्या सगळ्या शाळांनी मिळून एकच यादी करावी. हायवेवरच्या ढाब्याचा पैसा पटसंख्येप्रमाणे पाड्यावरच्या शाळेलाही वाटून द्यावा.

६. पुढच्या ग्रामसभेत अंड्याचा निधी परत सुरू करा असा ठराव घ्या आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत वर पाठवा.

पहिल्या पाच गोष्टींनी येत्या महिन्यात काही शाळांत अंडं येईल. सहावी झाली तरच ते सगळ्या शाळांत आणि कायमचं येईल. ग्रामसभेची नोटीस लागली की हा विषय आधी लिहून द्या, नाहीतर गटार आणि दिव्यांच्या चर्चेतच सभा संपते.