नोझल बदलले, पंपाचे काय?



गळीत हंगाम जवळ आला की गावोगावच्या गॅरेजांपुढे ट्रॅक्टरांची रांग लागते. कोणी क्लचप्लेट बदलतो, कोणी टायर चढवतो. पण एक मागणी हमखास कानावर येते : "मिस्त्री, मोठे नोझल टाका आणि पंप जरा वाढवून द्या. दोन ट्रॉल्या भरून चढ निघाला पाहिजे." मिस्त्री नोझल टाकतो, पंपाचे सील तोडून स्क्रू फिरवतो आणि रेस करून दाखवतो. सायलेन्सरमधून काळा लोट निघाला की मालक खूश! आमच्या मते फसगत होते ती इथेच. काळा धूर म्हणजे ताकद नव्हे, ते अर्धवट जळलेले डिझेल आहे, आणि त्याचे पैसे आपण मोजलेले असतात.

थोडा हिशेब मांडू. एक लिटर डिझेल पुरते जळायला सुमारे दहा हजार लिटर हवा लागते. प्रत्यक्षात त्याहून जास्तच, कारण दोन्ही मिसळायला इंजिनात सवड फार थोडी मिळते. बिगर-टर्बो इंजिन हवा ओढते ती आपल्या सिलिंडरच्या मापाने. नोझल मोठे केल्याने ते माप वाढत नाही. गुऱ्हाळावरच्या जळव्याला हे सांगावे लागत नाही. चुलवाणात चिपाड एकदम कोंबले तर जाळ दबतो आणि धूर होतो.

दुसरी गोष्ट. जुन्या पद्धतीच्या पंपात डिझेल किती जायचे हे मुख्यतः पंपाचा प्लंजर ठरवतो, नोझल नाही. भोक मोठे झाले की तेवढेच डिझेल लवकर आणि जाड थेंबांनी आत पडते. ४५ अश्वशक्तीचा तीन सिलिंडरचा ट्रॅक्टर पूर्ण लोडवर तासाला १० लिटर खातो असे धरा. मिनिटाला २००० फेऱ्यांवर एका सिलिंडरला एका वेळी जेमतेम ५५ घनमिलिमीटर डिझेल मिळते, म्हणजे दोनेक थेंब. एवढ्या बारीक मापाची गोष्ट कानाने आणि पान्याने जुळेल कशी?

हे आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. आमच्याच वस्तीवरच्या ट्रॅक्टरला दिवाळीआधी मोठे नोझल बसवले. तीन आठवडे गडी हत्तीसारखा चालला. मग डिपस्टिकवर ऑईल वाढलेले दिसले. ड्रायव्हर म्हणाला, "दादा, ऑईल खात नाय, उलट वाढतंय, बरंच हाय की!" आम्हीही हसलो. जाड थेंब सिलिंडरच्या भिंतीवर बसून, रिंगांवरून उतरून डिझेल ऑईलमध्ये जात होते. ऑईल पातळ झाले आणि ऐन जानेवारीत इंजिन जाम. टोळी बसून राहिली, तोडलेला ऊस दोन दिवस फडात वाळला, वजन घटले. बँकेचा हप्ता मात्र थांबला नाही. चूक मिस्त्रीची म्हणावी, तर सांगितले आम्हीच होते.

मोठे नोझल टाकूच नये असे आम्ही म्हणत नाही. टर्बो असेल, हवा पुरेशी असेल, तर गोष्ट वेगळी. पण मग काम पुरते करा. आधी एअर क्लीनर, टॅपेट आणि कॉम्प्रेशन पाहा. सगळे नोझल एकाच नंबरचे घ्या आणि टेस्टरवर त्यांचे प्रेशर व फवारा तपासा. (फवाऱ्यासमोर हात धरू नका. डिझेल कातडी भेदून आत घुसते. तसे झाले तर दुखत नसले तरी तडक दवाखाना गाठा.) पंप उतरवून टेस्ट बेंचवर न्या. प्रत्येक सिलिंडरचे डिझेल सारखे आले पाहिजे, आयडलिंगला वेगळे आणि लोडवर वेगळे मोजले पाहिजे. टायमिंग पुन्हा बांधा. मग ट्रॉली भरून चढावर न्या. धूर काळा आला तर डिझेल कमी करा.

पन्नास अश्वशक्तीवरच्या ट्रॅक्टरांना जानेवारी २०२३ पासून धुराचे नवे नियम लागू झाले आणि त्यांत कॉमन रेल आली. तिथे फिरवायला स्क्रूच नाही. प्रेशर आणि नोझल उघडे राहण्याचा वेळ कॉम्प्युटर ठरवतो, आणि भोक मोठे झाले हे त्याला आपोआप कळत नाही. त्याच्या वाटेला जाऊच नये, वॉरंटीही जाते.

काही सभासद म्हणतील, भाडे टनावर मिळते, मग जास्त माल का नेऊ नये? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर एकट्या ड्रायव्हरकडे मागणे बरोबर नाही. पंप वाढवला तरी ब्रेक तेवढेच राहतात. चढ निघाला, पण उताराचे काय? आमची सूचना अशी की, वाहतूक करार करताना कारखान्याने विम्याच्या कागदाबरोबर पंपाच्या बेंच तपासणीचा कागदही मागावा आणि ती तपासणी हंगामाआधी कारखान्याच्या खर्चाने व्हावी. खेपेतल्या टनांना मर्यादा घालायची, तर भाड्याचा दरही त्या हिशेबाने पाहावा लागेल. नुसता दंड लावून भागणार नाही.

आमच्या ट्रॅक्टरला आता जुन्याच मापाचे नोझल आहेत. चढाच्या पायथ्याला दुसरी ट्रॉली सोडतो आणि परत येऊन नेतो. दर खेपेला अर्धा तास जादा जातो, आणि काट्यावरचा नंबर कधीकधी हुकतो.