थकलेल्या गळ्याची कार्मेन

बँकेत आयुष्यभर आकडे जुळवूनही मला वाटते, गाण्याचा हिशेब निव्वळ निर्दोषपणावर मांडू नये. जुलै १९६४ मध्ये पॅरिसला मारिया कॅलासने बिझेचा ‘कार्मेन’ ध्वनिमुद्रित केला. संचालक जॉर्ज प्रेत्र, जोडीला निकोलाय गेडा. रंगमंचावर ही भूमिका तिने कधीच केली नाही. चाळिशीतच तिचा आवाज वरच्या स्वरांवर डळमळू लागला होता. पण कार्मेनचे गाणे बहुतेक मधल्या नि खालच्या स्वरांतले. पत्त्यांत स्वतःचे मरण दिसते तिथे कॅलास आक्रोश करीत नाही. काळोख्या, संथ स्वरात ते जणू वाचून दाखवते. अंगावर काटा येतो. मुलांच्या गायनस्पर्धांत चुकल्या स्वरागणिक गुण कापणाऱ्यांनी हे जरूर ऐकावे. सूर हवाच, पण तो कशासाठी लावायचा, हेही मुलांना कळायला हवे.