आकाशवाणीचे गद्य आणि समीक्षेचा कान

मराठी समीक्षेने आकाशवाणीकडे आजवर दोनच दृष्टींनी पाहिले आहे : साहित्यिकांच्या चरितार्थाची सोय करणारे कार्यालय म्हणून, किंवा एखाद्या गाजलेल्या कृतीचे जन्मस्थान म्हणून. पुणे केंद्रावरून १९५५-५६ मध्ये प्रसारित झालेल्या 'गीतरामायणा'ला वाङ्मयेतिहासात हक्काची जागा मिळते. त्याच केंद्रावरील भाषणे, संवाद, श्रुतिका आणि शेतीविषयक चर्चा यांची साधी नोंदही होत नाही. जे छापले वा गायिले गेले ते वाङ्मय आणि उरलेले सारे 'प्रसंगोपात्त', हा निकष कोणत्याही सिद्धान्तातून निष्पन्न झालेला नाही. ती केवळ ग्रंथालयाची सवय होय.

या सवयीचा सर्वांत ठळक बळी म्हणजे मर्ढेकर. १९५६ मध्ये निधन होईपर्यंत ते आकाशवाणीच्या सेवेत होते. साहित्याचे माध्यम शब्दाच्या नादात नसून भावनात्मक अर्थात आहे, ही त्यांची भूमिका मराठी सौंदर्यशास्त्राने चार दशके उलटसुलट तपासली. परंतु ज्याची नोकरीच उच्चारित शब्दाची होती, ज्याने 'कर्ण', 'बदकांचे गुपित' यांसारख्या संगीतिका लिहिल्या, त्याने नादाला माध्यमाचे स्थान का नाकारावे, हा प्रश्न केंद्रस्थानी कधी आला नाही. सिद्धान्तकार मर्ढेकर समीक्षेत राहिले. नभोवाणीवरचे मर्ढेकर चरित्राच्या तपशिलात गेले. व्यंकटेश माडगूळकरांचीही गत वेगळी नाही. पुणे केंद्राच्या ग्रामीण कार्यक्रमांत त्यांनी दीर्घकाळ काम केले. तरी त्यांच्या गद्यातील संवादाची काटकसर तपासताना या अनुभवाचा विचार क्वचितच होतो.

या उपेक्षेत नेमके काय निसटते, हे समजण्यासाठी महानगराबाहेरचा श्रोता विचारात घ्यावा. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये वसविलेले जयसिंगपूर हे शेतमालाच्या व्यापाराचे गाव. सांगली अवघ्या काही मैलांवर. तेथे १९६३ मध्ये आकाशवाणी केंद्र सुरू झाले. कर्नाटकाची सीमा जवळ असल्याने कन्नडही या परिसराच्या कानाला परकी नाही. अशा गावातील एका घरात रेडिओच्या भराच्या दशकांत दिवसभर जे बोलणे येत असे, ते एकजिनसी नव्हते : सकाळचे चिंतन, दिल्लीहून येणारे राष्ट्रीय बातमीपत्र, बाजारभाव आणि हवामान, महिलांसाठी गृहोपयोगी माहिती, बालसभा, संध्याकाळी शेतकऱ्यांसाठी संवाद, रात्री भाषण किंवा श्रुतिका. हा दिवस सुट्या कार्यक्रमांची बेरीज नव्हे. ती एक संहिता आहे आणि तिला स्वतःचा व्यूह आहे.

तो व्यूह संबोधनांत उघड होतो. 'शेतकरी बंधूंनो' म्हणणाऱ्या कार्यक्रमाने शेती पुरुषाला दिली, 'भगिनींनो' म्हणणाऱ्या कार्यक्रमाने स्त्रीला स्वयंपाकघर दिले. शिरोळ तालुक्यातील भांगलणाऱ्या स्त्रीच्या वाट्याला पिकावरचा सल्ला आला तो दुसऱ्याला उद्देशून बोललेला. भाषेची वाटणीही याच धर्तीची होती. बातमी सांगायची ती प्रमाण मराठीने. ग्रामीण संवादात बहुधा बोलीने शंका विचारायची आणि प्रमाणभाषेने तिचे निरसन करायचे. ज्ञान कोणत्या मराठीत असते आणि अज्ञान कोणत्या, याचा हा रोजचा पाठ होता. ग्रामीण साहित्यातील बोलीच्या वापरावर खंडोगणती लिहिणाऱ्या समीक्षेला हा पाठ ऐकू आला नाही, याला बहिरेपणाखेरीज दुसरे नाव नाही.

यावर आक्षेप येईल की, हे सारे शासनाचे गद्य होते. वक्त्याची संहिता आधी तपासली जाई, आणि आणीबाणीत (१९७५-७७) या माध्यमाचे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. आक्षेप खरा आहे. निष्कर्ष मात्र उलटा आहे. सत्तेने घडविलेले गद्य समीक्षेच्या कक्षेबाहेर ठेवणे म्हणजे सत्तेला अभय देणे. शिवाय लिहून काढलेले, पण बोलण्यासाठीच लिहिलेले हे गद्य लोकसाहित्याच्या मौखिकतेत बसत नाही आणि ग्रंथाच्या लिखिततेतही नाही. 'लिखित' आणि 'मौखिक' ही आपली सोयीची विभागणी जेथे मोडते, तेथेच सिद्धान्ताचे काम सुरू होते.

विद्यापीठांनी या प्रश्नाला शोधलेले उत्तर म्हणजे 'उपयोजित मराठी'. तेथे विद्यार्थ्याला श्रुतिका कशी लिहावी हे शिकविले जाते. श्रुतिकेने मराठीचे काय केले हे विचारायला शिकविले जात नाही. कारागिरी एका प्रश्नपत्रिकेत, समीक्षा दुसरीत. परिणामी आकाशवाणी ही नोकरीची शक्यता ठरते, अभ्यासाचा विषय नव्हे.

कादंबरीची पहिली आवृत्ती जपणाऱ्या विद्याशाखेने ध्वनिफीत आणि भाषणाची टंकलिखित प्रत यांना तोच मान दिला पाहिजे. प्रत्येक मराठी विभागाने आपल्या परिसरातील केंद्राचा निदान एक दिवस, पहाटेच्या उद्घोषणेपासून रात्रीच्या निरोपापर्यंत, सलग संहिता म्हणून संपादित करावा. फीत पुसली जाते, कागद विरतो, ऐकणारी पिढी निघून जाते. हे काम लांबले तर विसाव्या शतकातील मराठी गद्याचा जो इतिहास उरेल, तो मराठी माणसाने काय वाचले एवढेच सांगेल. दिवसभर त्याच्या कानावर काय पडत होते, याविषयी तो मुका राहील.