पाटी मराठी, पण बाई कुठल्या भाषेत घडल्या?

मराठी पाटी उतरवली की आपण रस्त्यावर उतरतो. उतरायलाच पाहिजे. पण त्या पाटीमागच्या चौथीच्या वर्गात जी बाई परिसर अध्ययन शिकवते, तिला विज्ञान शिकवायला कुणी शिकवलं आणि कुठल्या भाषेत शिकवलं, हा प्रश्न घेऊन सीमाभागात मोर्चा निघालेला मी अजून पाहिलेला नाही. माझं म्हणणं सरळ आहे. मराठीतून शिक्षक घडत नसतील तर मराठी शाळा म्हणजे नुसती इमारत.

"लहान पोरांना विज्ञान शिकवायला काय लागतंय? पुस्तक वाचायचं, उत्तरं लिहून द्यायची," असं म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी एक उदाहरण. स्टीलच्या तांब्यात बर्फाचं पाणी ओतलं की बाहेरून थेंब जमतात. ते आले कुठून? आठ-नऊ वर्षांची बरीच पोरं सांगतात, "तांब्यातून पाझरले." घरचा माठ पाझरताना त्यांनी बघितलेला असतो. म्हणजे उत्तर चूक असलं तरी त्यामागे विचार आहे. आता ज्या बाईला विज्ञान म्हणजे टिपणं एवढंच शिकवलं गेलंय, ती म्हणणार, "चूक. लिहा, संघनन." विषय संपला.

नीट तयार झालेली बाई म्हणेल, "बरं, पाण्यात हळद घालूया. बाहेरचे थेंब पिवळे होतात का बघू." थेंब पिवळे होत नाहीत. तरी एखादं हुशार पोर म्हणणारच, "हळद आत अडकली असेल, पाणी तेवढं बाहेर आलं." शंका रास्त आहे. मग तांब्याला झाकण लावून तो बारीक वजन दाखवणाऱ्या काट्यावर ठेवायचा. आतलंच पाणी बाहेर आलं असेल तर वजन तेवढंच राहील. हवेतून आलं असेल तर वाढेल. वजन वाढतं. संघनन हा शब्द त्यानंतर आला तर तो डोक्यात राहतो.

हे जमायला बाईनं स्वतः आधी तांब्या काट्यावर ठेवून बघितलेला असला पाहिजे. आणि पोरगं काय म्हणालं ते तिला नेमकं कळलं पाहिजे. पाझरणं, झिरपणं, गळणं, ओल येणं यांतला फरक ज्याला कळतो, त्यालाच त्या पोराला पुढचा प्रश्न विचारता येतो. भाषेचा मुद्दा इथं येतो. तो अस्मितेचा आहेच, पण त्याआधी तो कामाचा आहे.

आता आपल्याकडे काय चालतं ते बघा की. माझी मावसबहीण डी.एल.एड. करते, दोन वर्षांचा कोर्स. मराठी शाळेतल्या तिच्या विज्ञानाच्या सराव पाठाला जे निरीक्षक बसले होते, त्यांना मराठी येत नव्हतं. गुण कशावर दिले? फळ्यावरचं अक्षर, आवाज आणि पाठ टाचणातले रकाने. मुलांनी काय विचारलं, तिनं काय उत्तर दिलं, यावर चर्चा शून्य. तिच्या वहीत विज्ञानाच्या संज्ञा कन्नडमध्ये आहेत. प्रकाशसंश्लेषणाला कन्नडमध्ये द्युतिसंश्लेषणे म्हणतात. कन्नडमध्ये 'नर' म्हणजे मज्जातंतू, आपल्याकडे नर म्हणजे काय ते सांगायला नको. वर्गात उभं राहून ही सगळी उलटापालट तिनं एकटीनं करायची. पुढे टीईटी. पहिल्या पेपरात १५० पैकी ३० गुण परिसर अध्ययनाला, सगळे पर्यायी प्रश्न. हाताने एक गोष्ट करून दाखवायची गरज नाही.

यात कन्नड भाषेचा दोष नाही. टिपणांवर घडलेली शिक्षिका कन्नड पोरांच्या वाट्यालाही येतेच. आपल्या पोरांच्या वाट्याला मात्र दुहेरी तोटा येतो.

मी राज्यशास्त्र शिकते, म्हणून कायद्याचं थोडं सांगते. १९४९ च्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत ठरलं, की शाळेत ४० किंवा एका वर्गात १० मुलं अल्पसंख्य भाषेची असतील तर त्या भाषेचा शिक्षक द्यायचा. १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने घटनेत ३५०-अ कलम आलं. प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या 'पुरेशा सोयी' देण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करायचा, असं ते सांगतं. त्या भाषेत शिकवायला तयार झालेला शिक्षक नसेल तर सोय पुरेशी कशी?

"मग इंग्रजीत घाला की पोरांना," हा सल्ला आपल्यातलेच देतात. मोर्चात पुढे आणि पोरं इंग्रजी शाळेत, असे नेते तुम्हालाही माहीत आहेत. पण इंग्रजी शाळेतही "उत्तर लिहा, कंडेन्सेशन" एवढंच होणार असेल तर पोराला मिळालं काय?

साध्या सरकारी शाळांत, मुलांच्या भाषेत हे होऊ शकतं याचा दाखला आहे. १९७२ साली मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ माध्यमिक शाळांत विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला, हिंदीतून. शिक्षक आधी स्वतः विद्यार्थी होऊन प्रयोग करायचे, दर महिन्याला एकत्र बसून अडचणी मांडायचे. पुढे तो देवास, उज्जैनसारख्या जिल्ह्यांतही गेला. २००२ मध्ये सरकारने तो बंद केला. तीस वर्षं चाललं ते शिक्षक घडवण्यावर मेहनत घेतली म्हणून.

डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने सीमाप्रश्नावर एकमताने ठराव केला. बरं वाटलं. पण मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ पासून आहे, तिथली माणसं इथल्या छात्राध्यापकांसाठी महिनाभर पाठवा, अशी मागणी आपण कधी केली?

तेव्हा कामाला लागूया. पहिलं, माहिती अधिकारात अर्ज. दहा रुपये लागतात, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. विचारा : जिल्ह्यात मराठी माध्यमाच्या डी.एल.एड. जागा किती, मराठी जाणणारे विज्ञान अध्यापनाचे प्राध्यापक किती, मराठी शाळेतल्या सराव पाठांना निरीक्षक कोण बसतात. दुसरं, जे विज्ञान शाखेत शिकताय त्यांनी मराठी-कन्नड-इंग्रजी संज्ञांची यादी करा आणि छात्राध्यापकांच्या हातात द्या. तिसरं, अरविंद गुप्तांची टाकाऊतून खेळणी करायची पुस्तकं मराठीत फुकट मिळतात. महिन्यातून एक शनिवार गावातल्या मराठी शाळेत जाऊन त्यातलं एक पोरांकडून करून घ्या.

बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीची घोषणा आपल्याला झोपेतही पाठ आहे. ती देतच राहू. पण पुढच्या निवेदनात पाटीच्या मागणीखाली दुसरी ओळ लिहा : मराठीतून शिक्षक प्रशिक्षण. जो नेता ती ओळ खोडेल, त्याला तिथंच कारण विचारा.